आजीचा नवा गुडघा आणि एक उशी



या आठवड्याचं पान एका पत्राला द्यायचं ठरवलंय. पत्र वर्ध्याच्या रामनगरमधून आलंय. वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. पाठवणारी सातवीत आहे. 'नाव छापू नका' असं तिनं सगळ्यात वर लिहून खाली दोन रेघा मारल्यात, त्यामुळे नाव नाही.

तिच्या आजीचा उजवा गुडघा बदलला. आजी आर्वीकडच्या एका खेड्यातली. ऑपरेशन झाल्यावर गावी न जाता ती लेकाकडे वर्ध्याला आली. आई-बाबा दोघंही नोकरीला. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची, म्हणजे दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत घरात दोघीच, आजी आणि नात. एका दुपारी आजी कळवळून म्हणाली, "उशी दे व माय पायाखाली, लय ठणकून राह्यला." हिनं लगेच आपली मऊ उशी दुमडून आजीच्या गुडघ्याखाली सरकवली. आजीला बरं वाटलं. डोळाही लागला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई आल्या. आजीचा पाय काही केल्या सरळ होईना. ताईंनी उशी पाहिली आणि त्या बोलल्या. जरा जास्तच बोलल्या असाव्यात, कारण पुढं पत्रात आहे, "मी आजीच्या चांगल्यासाठीच केलं होतं. आता मला तिच्या पायाला हात लावायची भीती वाटते. माझं काय चुकलं आणि आता मी काय करू, तेवढं सांगा."

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. तीन दिवसांच्या उशीनं आजीचा गुडघा कायमचा बिघडलेला नाही. ते सुटतं, व्यायामानं सुटतं. पण ताईंचं म्हणणं मात्र खरं होतं. का, ते समजायला आजीच्या गुडघ्यात नेमकं काय केलंय ते बघू.

'गुडघा बदलला' असं म्हटलं की वाटतं, जुना गुडघा काढून टाकला आणि सायकलचं चाक बदलावं तसा नवा बसवला. तसं नसतं बरं का. मांडीचं हाड खाली येतं, नडगीचं हाड वर येतं, आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. वय वाढलं, वर्षानुवर्षं निंदणं-खुरपणं उकिडवं बसून केलं, की काहींचं हे अस्तर झिजून जातं आणि हाडावर हाड घासायला लागतं. आजी ऑपरेशनच्या आधी लंगडायची, रात्री कण्हायची, ते यामुळं. डॉक्टर झिजलेल्या टोकांची साधारण सेंटिमीटरभर जाडीची चकती काढतात आणि त्यावर धातूची टोपी बसवतात, दाताला कॅप बसवतात ना तशी. दोन टोप्यांच्या मधे एका कणखर प्लॅस्टिकची गादी. आजूबाजूचे स्नायू, बाजूच्या दोऱ्या, कातडी सगळं आजीचं स्वतःचंच. ते कापून बाजूला सारलेलं असतं आणि परत शिवलेलं असतं. म्हणजे टोपी पहिल्या दिवसापासून तयार, पण तिच्याभोवतीचा आजीचा पाय मात्र जखमी. पहिले सहा आठवडे जपायचं असतं ते या पायाला.

हे प्लॅस्टिक कुठून आलं, त्याचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाचे एक डॉक्टर होते. ते खुब्याचे सांधे बदलत. पहिल्यांदा त्यांनी टेफ्लॉन वापरलं, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. ते काही वर्षांत झिजलं, त्याच्या भुग्यानं रुग्णांना त्रास झाला आणि ती ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. मग नवं प्लॅस्टिक, पॉलिथिलिनचा एक कणखर प्रकार, हाताशी आलं तेव्हा चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे नमुने आधी स्वतःच्याच मांडीत बसवून घेतले आणि कुठलं शरीराला सोसतं ते बघितलं! १९६२ साली त्यांनी नवं प्लॅस्टिक रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. आजही बहुतेक कृत्रिम सांध्यांत त्याचीच सुधारलेली भावंडं असतात.

तर आता उशी.

दुखऱ्या गुडघ्याला सगळ्यात आराम कधी वाटतो? थोडा वाकवून ठेवला की. सांध्यात सूज असते, आणि थोड्या वाकलेल्या गुडघ्यात त्या सुजेला जागा जास्त मिळते. म्हणून आजीनं उशी मागितली. पण आत शिवलेली जखम भरत असते. जखम भरताना नवे धागे तयार होतात आणि पाय ज्या अवस्थेत असेल त्याच मापाचे ते होतात. पाय दिवसचे दिवस वाकलेला राहिला तर मागचे स्नायू आणि हे धागे आखूड होऊन बसतात. मग पाय सरळ होत नाही. आणि ज्याचा एक पाय सरळ होत नाही, तो चालताना जन्मभर लंगडतो, नवा गुडघा असूनही. एवढा खर्च, एवढं दुखणं, आणि शेवटी लंगडणं तसंच!

उशी द्यायचीच नाही असं नाही. जागा बदलायची. गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून घोट्याखाली ठेव, म्हणजे गुडघा खाली मोकळा राहील आणि स्वतःच्या वजनानं हळूहळू सरळ होईल. आजीला हे आवडणार नाही. ती म्हणेल, "काढ व ते, ओढून राह्यलं." पाच मिनिटं ठेव, गप्पा मार, काढ, पुन्हा तासाभरानं. किती वेळ ठेवायचं ते ताईंना विचारून घे. आणि हो, सूज उतरायला बर्फ. पातळ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नाही, आणि या दिवसांत गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचंही नाही. शेकल्यानं सूज वाढते.

तुझ्या कंपासपेटीतला कोनमापक काढ बघू. सगळ्यांनीच काढा. खुर्चीवर बसा, पाय समोर सरळ लांब करा. हे शून्य अंश. आता पाऊल जमिनीवर टेकवा, नडगी उभी. हे झाले ९०. सपाट जागी चालताना आपला गुडघा साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत वाकतो. जिना चढायला आणि खुर्चीतून उठायला ९०च्या आसपास लागतात. आणि मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला? मोजून बघा, १३०च्याही पुढं जाल. आजीच्या व्यायामाचं पहिलं मोठं ठिकाण म्हणजे ते ९०. फिजिओथेरपिस्ट ताईंकडे लांब दांड्यांचा कोनमापक असतो, तो आपल्या कोनमापकाचाच मोठा भाऊ. ताई मोजतील तेव्हा आकडा विचारून घे आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेव. आज ७०, चार दिवसांनी ७८. आजीला रडू येईल त्या दिवशी मागचं पान उलटून दाखव. आकडा वाढावा म्हणून तू मात्र तिचा पाय कधी ढकलू नकोस. ते काम ताईंचं आणि आजीचं स्वतःचं.

आता पोटरी. हे पान कात्रीनं कापून आजीच्या पलंगाशी लावणार असशील तर हा भाग जरूर लाव. आपलं हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, पण पायांतून ते परत वर चढायला हवं ना? त्यासाठी पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात. उभे राहा, चवड्यांवर उंच व्हा, खाली या, आणि तेव्हा पोटरीवर हात ठेवा. कशी दगडासारखी घट्ट होते आणि सैल पडते! ती घट्ट झाली की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो, पंप बंद पडतो, रक्त साचतं आणि शिरेत त्याची गाठ होऊ शकते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर रक्त पातळ राहायचं औषध देतात आणि म्हणूनच ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्याच दिवशी आजीला वॉकर धरून उभं केलं असणार. तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं असेल, काय हे निर्दय डॉक्टर!

तुझं काम सोपं आहे. दर तासाला आजीला म्हणायचं, चवडा वर, चवडा खाली, दहा वेळा. झोपल्या झोपल्या होतं. दोन्ही पाय. आणि पाणी. वर्ध्यात एप्रिल-मे म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या घरात, अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आणखीच घट्ट. आजी कमी पाणी पिते, कारण पाणी प्यालं की संडासाला उठावं लागतं आणि उठलं की दुखतं. तिनं तुला हे सांगितलं नसेल, पण बहुतेक आज्या हेच करतात. तांब्या भरून ठेव आणि किती संपला ते बघ.

औषधाच्या गोळ्या तू स्वतः काढून देऊ नकोस. आईनं सकाळी वेगळ्या काढून ठेवाव्यात. तू फक्त कागदावर वेळ लिही आणि घेतली की बरोबरची खूण कर. दुखणं कमी करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घेतली तर व्यायाम सोपा जातो. 'गोळ्या कमी खाल्लेल्या बऱ्या' म्हणून आजी ती उशीखाली लपवत असेल तर आईला सांग. ही चहाडी चालते.

आता सगळ्यात मोठा शत्रू. तो म्हणजे फरशी.

हे मी स्वतः शिकले. माझ्या आईचा गुडघा बदलून दुसरा आठवडा चालू होता. मी कूलरमध्ये पाइपनं पाणी भरलं, पाइप काढताना थोडं पाणी सांडलं. पुसते नंतर, म्हटलं, आणि फोन घ्यायला आत गेले. तेवढ्यात आई वॉकर घेऊन निघाली. वॉकरचा पाय पाण्यात सरकला. तिनं दाराची चौकट धरली म्हणून वाचली, काही मोडलं नाही. पण त्यानंतर दोन दिवस ती पलंगावरून उतरायलाच तयार होईना. तिच्या व्यायामाचे ते दोन दिवस माझ्या वाटीभर पाण्यानं खाल्ले.

विदर्भातल्या घरात उन्हाळ्यात कूलर असतोच, कूलर म्हटलं की वायर असते आणि खाली ओल असते. वायर भिंतीकडेनं घे. पायपुसणी उचलून ठेव, सगळी. धाकट्या भावाचे कंचे, मोटारी, शेजारची मांजर, सगळ्यांना आजीच्या वाटेतून हद्दपार कर. मागं पट्टा नसलेली, फटफट वाजणारी स्लीपर नको. टाचेला धरणारी, तळ खरखरीत असलेली चप्पल हवी. न्हाणीघरात आजीच्या आधी जाऊन फरशी कोरडी कर. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा, आणि वीज गेली तर हाताशी बॅटरी. आजी पडायला लागली तर तू तिला पकडायला जाऊ नकोस, तुझ्यानं ती पेलणार नाही आणि दोघी पडाल. पडलीच तर ओढून उठवायचं नाही. आधी मोठ्या माणसाला हाक.

तू लिहिलंस, 'आजीला उठताना मी दोन्ही हात धरून ओढते.' ते बंद कर. हाताला धरून ओढलं की तिचा तोल तुझ्या हातात जातो. वॉकरला धरूनही तिनं स्वतःला वर ओढायचं नाही, तो उलटतो. दोन्ही बाजूंना हात असलेली उंच खुर्ची घे. प्लॅस्टिकची असेल तर पाठ भिंतीला टेकव, नाहीतर सरकते. आजीनं पुढं सरकायचं, ऑपरेशनचा पाय थोडा पुढं ठेवायचा, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं आणि उभं राहिल्यावर मग वॉकर धरायचा. तू शेजारी फक्त उभी राहायचं. हात पाठीशी, पण टेकवायचा नाही. फार कठीण आहे हे, ओढण्यापेक्षा कठीण. करून बघ.

बंगईवर बसू द्यायचं का, असंही विचारलंयस. बंगई आजीची आवडती जागा, हे कळतं मला. पण बसताना जी मागं पळते अशा जागेवर नवा गुडघा घेऊन बसायचं नाही. खोल गादीचा सोफा नाही आणि बाजही नाही, तिच्यात माणूस रुततो.

खरं तर आपलं सगळं जगणंच जमिनीवरचं. शाळेच्या सहलीत सेवाग्रामला गेला असाल, बापूकुटीत गांधीजींची बैठक पाहिली असेल, जमिनीवरची. आश्रमातल्या प्रार्थनेलाही सगळे जमिनीवरच बसतात. आपल्याकडे जेवण पाटावर, पूजा पाटावर, निवडण-टिपण जमिनीवर, संडास उकिडवा. युरोपात गुडघा बदललेल्या आजीला जे प्रश्न पडत नाहीत ते आपल्या आजीला पहिल्याच सकाळी पडतात. म्हणून ती घरी यायच्या आधीच कमोडची खुर्ची आणलेली बरी. ती नसेल तर आजच आणायला सांग. देव टेबलावर मांडा, आजीची पूजा खुर्चीवरून होऊ दे. देवाला चालतं, आजीला चालवून घ्यायला थोडे दिवस लागतील. पुढं कधी जमिनीवर बसता येईल का, हे तिचे डॉक्टर सांगतील. सुरुवातीच्या दिवसांत तरी नाहीच.

पाहुण्यांचंही बोलायला हवं. ऑपरेशन झालं की गावाकडची मंडळी भेटायला येतात आणि येताना सल्ले घेऊन येतात. कुणी तिळाच्या तेलाची बाटली आणतं, कुणी पाल्याचा लेप, कुणी म्हणतं मी चांगली माॅलिश करते. सगळे मायेनंच आलेले असतात, तुझ्या उशीसारखेच. पण जखमेवर तेल, हळद, लेप काहीही नाही. पोटरी रगडायची तर मुळीच नाही, कारण आत गाठ असेल तर ती रगडण्यानं सुटू शकते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर आणि डॉक्टर सांगेपर्यंत जखम कोरडी. ड्रेसिंगला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, आणि उगाच उघडून बघायचं नाही.

जंतूंची एवढी भीती का? आपल्या जिवंत हाडात रक्त फिरतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. धातूच्या टोपीत रक्त नाही. तिथं जंतू चिकटून बसले तर त्यांना हुसकणं महाकठीण, कधी कधी सगळा सांधाच काढावा लागतो. बर्लिनमध्ये ग्लुक नावाच्या डॉक्टरांनी १८९० साली हस्तिदंताचा गुडघा बसवला होता, चक्क हत्तीच्या दाताचा! कल्पना बरोबर होती, पण ज्यांना बसवला त्यांचे सांधे आधीच क्षयाच्या जंतूंनी खाल्लेले होते. तो प्रयत्न टिकला नाही. म्हणून आजीच्या दाढेला पू झाला, लघवीला जळजळ झाली, पायाच्या बोटात जखम झाली, तरी ते तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना कळवायचं. जंतू रक्तातून प्रवास करतात.

काय झालं तर घाबरायचं आणि काय झालं तर नाही, हे तुला माहीत हवं, कारण दुपारी घरात तूच असतेस. गुडघा गरम लागणं, संध्याकाळी सुजणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर वाटणं, रात्री झोप न लागणं, विनाकारण चिडचिड, हे चालायचंच, काही आठवडे. चालताना आतून 'टक्' असा आवाज येतो, त्याला तर तू घाबरलीसच. अगं, धातू प्लॅस्टिकवर टेकतो त्याचा आवाज तो. त्याच्याबरोबर दुखत नसेल तर ऐकून सोडून द्यायचं.

पण पोटरी एकाएकी सुजली, लाल किंवा गरम झाली, दाबल्यावर दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. जखमेतून पाणी किंवा पू यायला लागला, लाली पसरायला लागली, ताप चढला, दुखणं कमी होता होता पुन्हा वाढलं, तरीही त्याच दिवशी. घरातली जुनी अँटिबायोटिकची गोळी देऊन बघायची नाही. आणि आजीला एकदम दम लागला, छातीत दुखलं, तर कुणाची वाट बघायची नाही, १०८ नंबर फिरवायचा, मग आईला फोन. हा नंबर आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून ठेव. पत्ताही लिही. घाईत माणूस स्वतःच्या घराचा पत्ता विसरतो.

ज्यांच्या घरी गुडघा नाही, खुबा बदललाय, त्यांच्यासाठी दोन ओळी. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. तो भोवतालच्या स्नायूंनी धरून ठेवलेला असतो आणि ते स्नायू भरून येईपर्यंत वेडावाकडा हिसका बसला तर गोळा वाटीबाहेर निसटू शकतो. म्हणून बऱ्याच रुग्णांना सांगतात की कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. खाली पडलेला चष्मा त्यांनी उचलायचा नाही, तुम्ही उचलायचा. ऑपरेशन कुठल्या बाजूनं केलंय त्यावर हे नियम बदलतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागदच खरा.

'आजी किती दिवस रडेल?' हा तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. मोजून दिवस सांगता येत नाहीत. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, डावा ऑक्टोबर २०००मध्ये आणि उजवा जून २००१मध्ये. अमेरिकेहून डॉ. चित्तरंजन राणावत ऑपरेशनला आले होते. दुसऱ्या ऑपरेशननंतर पाच-सहा आठवड्यांत, जुलैच्या मध्यावर, आग्र्याला पाकिस्तानच्या अध्यक्षांबरोबरची बैठक होती आणि वाजपेयी तिथं हजर होते. पंतप्रधानांच्या दिमतीला किती माणसं असतील! पण चवडा वर, चवडा खाली हे त्यांनाही स्वतःच करावं लागलं असणार, ते दुसरं कुणी करून देऊ शकत नाही. आता सांधा बदलायला मुंबईच गाठायला हवी असंही राहिलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, सावंगी (मेघे)लाही महाविद्यालय आणि मोठं रुग्णालय आहे. तरी घरी आल्यानंतरच्या दुपारी प्रत्येक आजीच्या तिच्या तिलाच काढाव्या लागतात. पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात वाईट. साधारण सहा आठवड्यांनी बऱ्याच जणी काठीवर येतात. पूर्ण सवय व्हायला कित्येक महिने जातात. व्यायामाच्या वेळी ती रडली तर 'रडू नको' म्हणू नकोस. रडू दे, आणि आकडा लिही.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, सुट्टीत आजीला पवनारला न्यायचंय, धाम नदीवर, विनोबांच्या आश्रमात. या सुट्टीत नको, दिवाळीचं बघू. बाबांच्या स्कूटरवर मागं बसवून तर नाहीच, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. तिकडे नदीकडे उतरायला पायऱ्या आहेत, म्हणून त्याचा सराव मात्र आतापासून, ताई शिकवतील तसा, घराच्या ओट्यापासून. चढताना आधी चांगला पाय वर, मग ऑपरेशनचा. उतरताना उलट, आधी ऑपरेशनचा पाय खाली आणि काठी त्याच्याबरोबर. काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात. चुकीच्या हातात वाटतं ना? स्वतः चालून बघ, उजवा पाय पुढं जातो तेव्हा तुझा कुठला हात पुढं येतो ते. उतरताना तू आजीच्या एक पायरी खाली राहा, आणि बाबांनाही एक पायरी खाली ठेव. उन्हं उतरल्यावर जा. आणि ९० अंश झाले की मला कळव, पोस्टकार्ड चालेल.